शंकरदेव त्या दिवशी परतला होता

आदरणीय अध्यक्ष श्री. फत्तेसिंगराव जगदाळे, व्यासपीठावरील आजचे सत्कारमूर्ती श्री. पद्माकरराव होनवाडकर सर आणि सौ. हेमलताबाई, आपल्या बंगळूरच्या मराठी मंडळाचे ज्येष्ठ सभासद दामोदरपंत, होनवाडकरांचे घरमालक आणि आजचे आपले पाहुणे श्री. मल्लाप्पा, आणि जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

अध्यक्षांनी मघाशी मला सांगितलं, ‘प्रेमाक्का, तुम्ही आधी हिशेब वाचा आणि मग दोन शब्द बोला. उलटं केलंत तर दोन शब्दांनंतर लोक उपम्याकडे जातील.’ त्यांचं म्हणणं मोडायची माझी प्राज्ञा नाही. तेव्हा आधी आजच्या निरोप समारंभासाठी काय आलं ते सांगते. चिकपेठेतून शाल एक, अठरा रुपये. खण एक, साडेचार रुपये. गांधी बझारातून हार दोन, मिळून तीन रुपये. हारवाली चार म्हणत होती. नारळ दोन, एक रुपया. एकूण साडेसव्वीस. रवा, तूप आणि कॉफी भगिनींनी आपापल्या घरून आणली आहे, त्याची नोंद वेगळी नाही. केळ्यांचा अख्खा घड मल्लाप्पांनी आपल्या परसातून पाठवला. मी किंमत विचारली, तर ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी पावतीपुस्तक पिशवीत ठेवलं.

झाला हिशेब. आता दोन शब्द. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई, पोथीपलीकडे मोठ्याने वाचायची सवय नाही, म्हणून लिहून आणलं आहे. अडखळले तर सांभाळून घ्या.

होनवाडकर सरांविषयी नव्याने काय सांगायचं? या सभागृहातल्या निम्म्या मुलांनी त्यांच्याकडे शाळेत इतिहास शिकला आणि उरलेल्या निम्म्यांनी इथे बसून ऐकला. सर मूळचे विजापूरकडचे. घरात मराठी, दारात कानडी, आणि वर्गात दोन्ही. आपल्या मंडळाचा दसरा म्हणजे काय होता? संध्याकाळी देवळात जायचं, येताना आपट्याची पानं आणायची, सोनं द्यायचं-घ्यायचं, आणि मग सतरंजीवर बसून सरांचं ‘देवगिरीचा संग्राम’ हे व्याख्यान ऐकायचं. स्वातंत्र्य मिळालं त्या सालच्या दसऱ्याला पहिलं झालं. मग दरवर्षी तेच व्याख्यान. कुणी म्हणालं, ‘सर, यंदा पानिपत घ्या.’ सर म्हणायचे, ‘सीमोल्लंघनाच्या दिवशी आपण दुसऱ्याच्या सीमेवर जातो. एक दिवस आपली सीमा कशी ओलांडली गेली तेही आठवावं.’

आज नवीन आलेली मंडळीही बसली आहेत, कारखान्यांतली, संशोधन संस्थेतली. त्यांनी ते व्याख्यान ऐकलेलं नाही. म्हणून सरांची क्षमा मागून मी ती गोष्ट माझ्या ओबडधोबड शब्दांत थोडक्यात सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

देवगिरीला यादवांचं राज्य. राजा रामदेवराव. उत्तरेकडून खिलजी घराण्यातला अल्लाउद्दीन अचानक चालून आला. राजाचा मोठा मुलगा शंकरदेव गावी नव्हता. सैन्यही बरोबर गेलेलं. एक जुना तवारीखकार म्हणतो, राजपुत्र आईला घेऊन यात्रेला गेला होता. राजा गडावर जाऊन बसला. शत्रूने हूल उठवली की आम्ही तर नुसती पुढची तुकडी, मागून वीस हजार घोडेस्वार येत आहेत. राजाने तह केला, खंडणी कबूल केली. आणि तह होतो न होतो तोच शंकरदेव सैन्य घेऊन परत आला. बापाने निरोप धाडला, ‘तह झाला आहे, लढू नकोस.’ मुलाने ऐकलं नाही. लढला. आणि ऐका, तो जिंकत होता! शत्रूचे पाय मागे पडत होते. तेवढ्यात गडावर नजर ठेवायला शत्रूने जी हजारभर माणसं मागे ठेवली होती, ती धावत आली. धूळ उडाली. यादवांच्या सैन्याला वाटलं, आले ते वीस हजार. आणि जिंकणारं सैन्य धुळीला घाबरून पळालं.

मग गडावर वेढ्यात बसू म्हणावं, तर घाईघाईत आत नेलेल्या गोण्यांत धान्य नव्हतं, मीठ होतं. इथे दरवर्षी आम्ही बायका हळहळायचो. एका वर्षी आमच्या सासूबाई भर सभेत बोलल्या, ‘मेल्यांनो, गोणीत हात तरी घालायचा!’ सरसुद्धा हसून बसले होते.

पण हेमलताबाईंची हळहळ वेगळीकडे असायची. व्याख्यान संपलं की सर विचारायचे, ‘कुणाला काही शंका?’ आणि बायकांच्या रांगेतून, मांडीवर झोपलेल्या चंदूला थोपटत, हेमलताबाई विचारायच्या, ‘आणि त्याची आई? यात्रेहून ती परत आली असेल ना त्याच्याबरोबर? लढाईच्या दिवशी ती कुठे होती?’

सर म्हणायचे, ‘नोंद नाही.’

‘मुलगा वाचला का त्या लढाईत?’

‘वाचला. परत आला.’

‘मग आईला भेटला असेल.’

‘त्याची नोंद नाही.’

‘म्हणजे नाही भेटला?’

‘अहो, नोंद नाही म्हणजे भेटला नाही असं नव्हे. नोंद नाही म्हणजे आपल्याला माहीत नाही. इतिहासात जे माहीत नाही तिथे नाही असं लिहायचं नसतं.’

हा त्यांचा दरवर्षीचा ठरलेला संवाद. कीर्तनात जसं एकाच जागी टाळ वाजायचे तसं आम्ही त्या जागी हसायचो. घरीसुद्धा हेमलताबाई सरांना चिडवायच्या. गाठोडं बांधून कुठे निघाल्या आणि सरांनी विचारलं ‘कुठे?’, की म्हणायच्या, ‘नोंद ठेवू नका!’

चंदू म्हणजे त्यांचा मुलगा चंद्रकांत. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तो लहानाचा मोठा झाला. मांडीवरून सतरंजीवर आला, सतरंजीवरून मागच्या भिंतीशी उभा राहू लागला. सैन्यात निवड झाली त्या सालच्या दसऱ्याला, दोन दिवसांनी गाडीत बसायचं होतं, तेव्हा त्याने मागून हात वर केला. सरांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: ‘शंकरदेव शूर होता, पण बापाचा शब्द मोडून लढला, म्हणून चुकला.’

चंदू म्हणाला, ‘अण्णा, तो निरोप वेढ्यात बसलेल्या बापाने पाठवला होता. वेढ्यात बसलेल्या माणसाचा निरोप त्याच्या मनातला असतो का?’

सर चष्मा पुसत म्हणाले, ‘हा प्रश्न परीक्षेला येत नाही. खाली बस.’

सगळे हसले. हेमलताबाई मात्र म्हणाल्या, ‘त्याला बसवू नका. उत्तर द्या.’

सरांनी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. चंदू हसत हसत आला, दोघांना सोनं दिलं, पाया पडला. मला म्हणाला, ‘प्रेमामावशी, अण्णा हरले, हे तुमच्या वहीत लिहा.’ असा मुलगा.

बंधू-भगिनींनो, बासष्ट सालची, चीनच्या युद्धातली दिवाळी आपण कशी काढली ते मी वेगळं सांगायला नको. आपण लोकर विणत होतो. ज्यांना विणता येत नव्हतं त्या लोकर सोडवत होत्या. हेमलताबाईंच्या सुया सर्वांत भरभर चालायच्या. कार्तिकात तार आली. तारेत एकच शब्द महत्त्वाचा होता: बेपत्ता.

मी तेव्हा त्यांच्या घरी होते. मला उगाच मोठेपणा नको, योगायोगाने होते, चकल्यांचा सोऱ्या परत द्यायला गेले होते. सरांनी तार वाचली, घडी घातली, पुन्हा उघडून वाचली. हेमलताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘शंकरदेव त्या लढाईतून परतला होता ना हो?’

सर म्हणाले, ‘हो. परतला होता.’

एवढंच. माणसाला दुःखात काय आठवेल सांगता येत नाही. मला वाटलं, कोण हा साडेसहाशे वर्षांपूर्वीचा राजपुत्र, आणि त्याच्या परतण्यावर आज बसवनगुडीतली एक आई उभी आहे.

पुढच्या उन्हाळ्यात युद्धकैदी परत यायला लागले. रोज वर्तमानपत्रात काही ना काही यायचं. एका दुपारी आपल्यातलेच एक गृहस्थ, नाव घेत नाही, धापा टाकत मंडळात आले. त्यांना इथल्या लष्करी छावणीतल्या ओळखीच्या माणसाने सांगितलं होतं: उद्या सकाळी मद्रास मेलने चंद्रकांत नावाचा आपला मराठी फौजी येतो आहे, कैदेतून सुटलेला.

मग काय विचारता? फत्तेसिंगरावांनी घोड्यांचे जटके ठरवले. मुलींनी लेझीम काढली. मल्लाप्पांनी दारात केळीचे खुंट बांधले. मी निरांजन, कुंकू, अक्षता असं ताट लावलं. हेमलताबाईंनी डब्यात दहीभात आणि बेसनाचे लाडू भरले. सर एरवी कुठल्याही गोष्टीला ‘आधार काय? कुणी पाहिलं? कुठे लिहिलंय?’ असं तीनदा विचारणारे. पहाटे आम्ही गेलो तर ते टोपी घालून, काठी घेऊन, आमच्या आधी फाटकाशी उभे. आडनाव काय, हे कुणीही विचारलं नव्हतं. त्यांनीसुद्धा.

कँटोन्मेंट स्टेशनवर गाडी थांबली. लेझीम सुरू झाली. एका डब्यातून एक फौजी उतरला. वाळलेला, गणवेश अंगावर लोंबणारा. आमच्या मुलींनी त्याच्याभोवती फेर धरला. तो बिचारा ट्रंक छातीशी धरून मागे मागे सरकत होता.

तो चंदू नव्हता. निपाणीजवळच्या कुठल्या खेड्यातला चंद्रकांत होता.

लेझीम एकेक करून थांबली. माझ्या हातातलं ताट मी पदराआड घेतलं. त्या पोराच्या लक्षात सगळं आलं. तो हेमलताबाईंना म्हणाला, ‘म्या न्हवं, आई. तुमी ज्याला बगाय आलाय त्यो म्या न्हवं.’

हेमलताबाई म्हणाल्या, ‘माहीत आहे रे. उभा राहा.’

त्यांनी माझ्या हातून ताट घेतलं, त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. हार घातला. मग विचारलं, ‘तुला न्यायला कोण आलंय?’

‘कोन न्हाई. अजून लांब जायाचं हाय मला.’

‘आईला तार केलीस?’

‘तिला वाचाय येत न्हाई.’

‘गावात वाचून दाखवणारा एक तरी असेल की नाही? शहाणाच आहेस! ती तिकडे काय खातपीत असेल?’ आणि सरांकडे वळून म्हणाल्या, ‘अहो, उभे काय राहिलात? तार करा त्याच्या घरी.’

सरांनी त्याला गावाचं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि जाऊन तार करून आले. तोवर तो बाकावर बसून दहीभात खात होता. हेमलताबाईंनी त्याला हळूच विचारलं, ‘होनवाडकर नावाचा कुणी भेटला का रे तिकडे?’

त्याने घास खाली ठेवला. ‘लई मान्सं हुती, आई. बर्फ पडत हुता. नावं इचाराय कुनाला सवड न्हवती.’

‘असू दे. जेव तू.’

परत येताना मी त्यांच्याच जटक्यात होते. घोड्याच्या टापा फक्त. लालबागेच्या वळणावर सर एकदम म्हणाले, ‘धूळ होती.’ हेमलताबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. आम्हांला सगळ्यांना तेवढ्यावरून कळलं. यादवांच्या सैन्याने धूळ पाहून आपला पराभव धरला, आम्ही धूळ पाहून आमचा मुलगा आला असं धरलं. दोष कुणाला द्यायचा? ज्याचा जीव टांगलेला असतो त्याला धूळसुद्धा पुरते.

त्या वर्षीचा दसरा. आम्हांला वाटलं होतं, सर यंदा बोलणार नाहीत. सर आले. तीच सतरंजी, तेच टेबल, तोच पाण्याचा तांब्या. तह झाला, शंकरदेव आला, लढाई झाली, धूळ उडाली. मग सर म्हणाले, ‘शंकरदेव चुकला, असं मी इतकी वर्षं तुम्हांला सांगत आलो. ते वाक्य यापुढे म्हणणार नाही. ज्याने विचारलं होतं त्याला उत्तर देणं राहून गेलं.’ मग म्हणाले, ‘राजपुत्र त्या लढाईतून सुखरूप परत आला.’ आणि टेबलावरचे कागद गोळा करू लागले.

आता नवीन मंडळींना सांगते. सरांचं व्याख्यान तिथे कधीच संपत नसे. त्यापुढे एक ओळ असायची. काही वर्षांनी बाप गेला, शंकरदेव गादीवर आला, त्याने खंडणी द्यायचं नाकारलं, पुन्हा दिल्लीचं सैन्य आलं, आणि त्या दुसऱ्या लढाईत तो मारला गेला. ही ओळ सरांनी गाळली. एक सालसुद्धा इकडचं तिकडे होऊ न देणाऱ्या माणसाने अख्खी लढाई गाळली.

आपले दामोदरपंत, हे मी त्यांची परवानगी घेऊन सांगते आहे, पुढच्या रांगेत होते. ते सरळ मनाचे. ते म्हणाले, ‘मास्तर, पुढची ओळ राहिली.’

सर कागद धरून उभे. मान वर होईना. आणि मग बायकांच्या रांगेतून आवाज आला.

‘राहू द्या, दामोदरपंत. मला पाठ आहे ती ओळ. पहिल्या दसऱ्यापासून ऐकते आहे.’

हेमलताबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, ‘तार आली तेव्हा मी यांना विचारलं, शंकरदेव परतला होता ना? हे हो म्हणाले. पुढचं बोलले नाहीत. यांना बोलवत नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही. यांना वाटतं मी विसरले. मी विसरलेले नाही. पण त्या दिवशी तो परतला होता, हेही खरंच आहे ना? खोटं तर नाही सांगितलं यांनी?’

दामोदरपंत म्हणाले, ‘नाही हो वहिनी. खोटं नाही.’

‘मग झालं तर,’ असं म्हणून त्या खाली बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, ‘सोनं वाटा आता, पानं सुकतायत.’

भगिनींनो, मी रोज पोथी वाचते. पतिव्रतांच्या कथा मला तोंडपाठ आहेत. पण नवरा आपल्याला जपण्यासाठी अर्धं सत्य सांगतो आहे, आणि आपण ते अर्धंच पुरतं असं वर्षभर त्याला दाखवायचं, ही कथा मला कुठल्या पोथीत सापडली नाही.

त्यानंतर सरकारकडून कागद आला. मुलगा परत आलेला नाही, त्याला मृत मानायला आपली संमती असावी, म्हणजे पुढची व्यवस्था करता येईल. त्यात सरकारचं काही चुकलं असं नाही, त्यांची रीतच ती. दामोदरपंत आणि आणखी दोन वडीलधारे समजावायला गेले. हेतू चांगलाच होता. शास्त्राप्रमाणे क्रिया व्हायला हवी, नाहीतर जीव अडकून राहतो, हे मीसुद्धा मानते.

दामोदरपंत म्हणाले, ‘मास्तर, सही करा. पोराला गती मिळेल.’

सर म्हणाले, ‘पंत, नोंद नाही.’

‘अहो, सरकारच म्हणतंय—’

‘सरकार म्हणतं, मानावं. झालं, असं सरकारही म्हणत नाही. मी आयुष्यभर पोरांना शिकवलं, माहीत नाही तिथे नाही असं लिहू नका. आता स्वतःच्या पोराच्या नावापुढे कसं लिहू?’

दामोदरपंत आतल्या दाराकडे वळले. ‘वहिनी, तुम्ही तरी सांगा.’

आतून हेमलताबाई म्हणाल्या, ‘दामोदरपंत, कॉफी घेऊन जा.’

तो कागद अजून कोरा आहे.

आणि म्हणूनच, अध्यक्षमहाराज, आजचा हा निरोप इतका जड आहे. सर निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली. कोल्हापूरहून विद्या, त्यांची मुलगी, तेव्हापासून बोलावते आहे. सरांची नजर आता कमी झाली आहे, रस्ता ओलांडताना हात धरावा लागतो. जायला तर हवंच होतं. मग का राहिले? बंगळूरच्या हवेसाठी? आपल्या मंडळाच्या उपम्यासाठी? नाही. चंदूला हाच पत्ता माहीत आहे. तो कुठेही असो, कधीही येवो, कागदाचा चिटोरा मिळाला तर त्यावर तो हाच पत्ता लिहील. पत्ता सोडायचा म्हणजे त्याचा हात सोडायचा, असं त्या माउलीला वाटायचं. टपालवाला येऊन जाईपर्यंत ती देवळातसुद्धा जात नसे.

मल्लाप्पांचा मुलगा म्हैसूरहून बायकोला घेऊन परत येतो आहे. त्यांना जागा हवी. एखाद्या मालकाने नोटीस पाठवली असती. मल्लाप्पा रोज संध्याकाळी यायचे, पायरीवर बसायचे, पावसापाण्याचं बोलायचे आणि उठून जायचे. आठ-दहा दिवस असं झालं. शेवटी हेमलताबाईच म्हणाल्या, ‘मल्लाप्पा, खोल्या हव्यात ना? मग पावसाचं काय बोलता?’

मल्लाप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या मोडक्या मराठीत ते म्हणाले, ‘अक्का, खोली पायजे. खरं. पण पाटी काढू नका. तुमचा पाटी दारावर हाय तसा राहू दे. माझा पोराचा पाटी त्याच्या खाली लावतो. टपाल आला तर मी स्वतः गाडीत बसून कोल्हापूरला आणून देतो. सरी?’

हेमलताबाईही कानडीत म्हणाल्या, ‘सरी, चालेल.’ आणि मग, तारेनंतर पहिल्यांदा, मी त्यांना रडताना पाहिलं.

मल्लाप्पा, तुम्ही मान खाली घालून बसू नका. पाहुण्यांना मान खाली घालायला आम्ही बोलावलेलं नाही.

सर, तुम्ही आम्हांला पुष्कळ दिलं. आमच्या मुलांना सालं दिली, सनावळ्या दिल्या, आणि मोठ्यांना एक गोष्ट दिली, की जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणायला छाती लागते. यंदाच्या दसऱ्याला टेबलामागे कोण उभं राहील मला माहीत नाही. कुणी उभं राहिलं नाही तर मी राहीन आणि जमेल तसं सांगेन. शंकरदेवाबद्दल काय म्हणायचं ते तुम्ही सांगून ठेवलंच आहे. हेमलताबाईंचा प्रश्न मात्र मी पुरुषांच्या रांगेला विचारणार आहे. त्याची आई कुठे होती? शोधा म्हणावं. जुन्या लेखकांनी घोडे मोजले, हत्ती मोजले, रत्नांची वजनं लिहिली. गडाखाली लढाई चालली असताना आणि धूळ खाली बसल्यावर एक बाई कुठल्या दाराशी उभी होती, हे कुणालाच लिहावंसं वाटलं नाही?

हेमलताबाई, तुमची लोकरीची सुई माझ्याकडे राहिली आहे. ती मी परत देणार नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, सर्वांनी न खोकता ऐकून घेतलं, ज्या भगिनींनी रवा भाजला, मुलांनी सतरंज्या घातल्या, त्या सर्वांचे मंडळातर्फे मनापासून आभार मानते. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, वयाने मोठ्यांचं नाव घेताना आदर कमी पडला असेल, तर पदर पसरून क्षमा मागते.

आणि आणखी एका गोष्टीसाठी आधीच क्षमा मागून ठेवते, कारण दिलेला शब्द मी आता मोडणार आहे.

हे भाषण मंडळाच्या पत्रकात छापायचं ठरलं आहे. ते पत्रक बेळगाव, पुणे, नागपूर, हैदराबाद, इंदूर, बडोदे इथल्या मंडळांना जातं. तिथे वाचणाऱ्या सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या घरी, शेजारी, नात्यात, बासष्ट साली त्या डोंगरांतून परत आलेला कुणी असेल तर त्याला विचारा. नाव लेफ्टनंट चंद्रकांत पद्माकर होनवाडकर. उंच, सावळा, डाव्या भुवईवर पडल्याची खूण. हसताना मान मागे टाकतो.

बातमी कसली का असेना, कळवा. इथेच मी शब्द मोडते आहे. काल सरांनी मला कोपऱ्यात गाठून सांगितलं, ‘प्रेमाताई, वाईट बातमी असली तर माझ्या नावाने येऊ द्या. हिला मी हळूहळू सांगेन.’ आणि आज सकाळी ताटं पुसताना हेमलताबाई मला म्हणाल्या, ‘प्रेमा, वाईट असली तर माझ्या नावाने येऊ दे गं. यांना एकदम सोसणार नाही, मी बघून सांगेन.’ दोघांनीही बजावलं, दुसऱ्याला कळू देऊ नका. दोघंही आत्ता इथे व्यासपीठावरच बसले आहेत. मी कुणाचं ऐकू?

म्हणून पाकिटावर दोघांचीही नावं घाला. पत्ता, मल्लाप्पांचं घर, बसवनगुडी, बंगळूर ४. जे समजेल ते, कृपा करून, उलट टपाली कळवा.